गुहेतली बाई

चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, मुलांच्या शाळेत पालकसभेला शहाण्यासारखे बसणारे पुरुष अजूनही इंटरनेटवर एका गोष्टीवरून हमरीतुमरीवर येतात. लहानपणी ते व्हिडिओ गेमचं एक मासिक वाचायचे. त्यातल्या एका पानावर गुहेचा फोटो होता. कंदील घेतलेला योद्धा उभा, आजूबाजूला काळोख, आणि त्या काळोखात एका बाईचं तोंड. फिकट निळं, डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले. ही बाई गेममध्ये भेटते कुठं? कुणी म्हणतो, कंदील विझवून भिंतीवर डोकं आपटत राहायचं, मग येते. कुणी म्हणतो, त्याच्या मावसभावाला भेटली होती. असला मावसभाऊ प्रत्येकाला असतो आणि तो कधीही समोर येत नाही.

हा वाद रंगलेला असताना ती बाई पांढऱ्या गाडीत बाजूच्या सीटवर बसून कुणाला तरी सांगत असते, "क्लच म्हणजे डावा पाय. अहो, डावा. तो उजवा झाला."

सगळी गल्ली तिला आत्या म्हणते. भाच्याचे मित्र लहानपणी म्हणायचे, त्यांच्या आया म्हणायला लागल्या, आता किराणा दुकानदारही म्हणतो. ड्रायव्हिंग स्कूल तिचं स्वतःचं. गाडी एकच, पाटीही एकच, आणि शिकवणारीही एकटी तीच. नाकावर माशी बसू देत नाही असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. पण तिच्या हाताखाली शिकलेला माणूस चढावर गाडी मागे सोडत नाही, हेही तेच लोक सांगतात.

आता मागे जायचं, तर दादापासून सुरुवात करायला हवी. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. त्याचा छोटा छापखाना होता. पावतीपुस्तकं, लेटरहेड, दवाखान्याच्या फायली. छापखान्यासमोर गेमचं पार्लर उघडलं आणि तिथं सकाळपासून पोरांची रांग लागायला लागली. दादाच्या डोक्यात आलं, ही पोरं खेळून झाल्यावर घरी जाऊन काय करत असतील? गेमबद्दलच बोलत असतील. मग त्यांना वाचायला दिलं तर? असं ते मासिक निघालं. कल्पना दादाची, छपाई दादाची, अग्रलेख दादाचा. पत्त्यांच्या चिठ्ठ्या वहिनी चिकटवायची. फक्त एक अडचण होती. दादाला खेळता यायचं नाही. रिमोट हातात घेतला की त्याचे दोन्ही अंगठे एकदम हलायचे आणि गेममधला माणूस पहिल्याच खड्ड्यात जायचा.

खेळायला यायचं ते धाकट्या बहिणीला. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामानं एकदा येताना गेमचं मशीन आणलं होतं, दादासाठी. दादानं ते कपाटावर ठेवलं, तिनं खाली काढलं. एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात जायची म्हणण्यापेक्षा कॉलेजवरून जायची. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, घालायची, आणि जेवायला हाका मारून वहिनीचा घसा बसला तरी उठायची नाही. मग दादानं तिला मासिकाच्या कामाला लावलं. कामधंदा नसलेल्या पोरीला काम मिळालं आणि मासिकाला हात मिळाले.

आता फोटोचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे. आज बटण दाबलं की पडद्याचा फोटो मिळतो. तेव्हा टीव्हीचा फोटो कॅमेऱ्यानं काढावा लागायचा. छापखान्याच्या आतल्या खोलीत भर दुपारी खिडकीला पुठ्ठे लावून काळोख करायचा. टीव्हीसमोर तिकाटण्यावर कॅमेरा. शटर भर्रकन मिटलं तर फोटोत टीव्हीवर काळा पट्टा येतो, म्हणून ते सावकाश मिटायला हवं. आणि सावकाश मिटायचं तर तेवढा वेळ पडद्यावर काहीही हलता कामा नये. तुम्ही म्हणाल, पॉज करा. पॉज केलं की पडद्याच्या मधोमध "PAUSE" असं जाडजूड इंग्रजी अक्षरांचं लेबल उमटायचं. तसा फोटो कोण छापणार? म्हणजे गेम चालू ठेवून, मरता मरता वाचून, एका जागी स्तब्ध उभं राहायचं. आजूबाजूचे शत्रू आधी निपटायचे, नवा शत्रू येईपर्यंतची फट हेरायची, "हं" म्हणायचं. कॅमेऱ्यामागून आवाज यायचा, "थांब." आणि ती थांबायची.

गेममध्ये पळता सगळ्या पोरांना यायचं. कुठं उभं राहता येतं, हे त्या गावात फक्त तिला ठाऊक होतं.

"थांब" म्हणणारा माणूस खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओतला फोटोवाला. उंच, अबोल, शर्टाच्या खिशात सतत दोन पेन आणि त्यातलं एकही चालत नसे. लग्नाचे फोटो काढून रिळात शेवटी चार-सहा फोटोंची जागा उरायची, तेवढी तो मासिकाला द्यायचा. त्यामुळे त्याच्या निगेटिव्हच्या पट्ट्या बघण्यासारख्या होत्या. अर्ध्या पट्टीवर नवरा-नवरी, अर्ध्या पट्टीवर आग ओकणारा सरडा. एकदा एका नवरीच्या घरी चुकून सरडा गेला. नवरीच्या आईनं तो परत आणून दिला आणि विचारलं, हे आमच्याकडून कोण?

फोटो छापून आले, मजकूरही तिनंच लिहिला, पण नाव? दादा म्हणाला, "चिमे, पोरं मुलीनं सांगितलेलं ऐकणार नाहीत." चिमी हे तिचं घरातलं नाव. मग दादानं साइनबोर्ड रंगवणाऱ्याकडून एक चित्र काढून घेतलं. टोपी, झुपकेदार मिशा, हातात छडीच्या जागी रिमोट. हा मास्तर. "मास्तर सांगतात" हे मासिकातलं सर्वांत आवडतं पान झालं. पोरं गठ्ठ्यानं पत्रं लिहायची. मास्तर, सातव्या लेव्हलचा राक्षस मरत नाही. मास्तर, तुमच्यासारख्या मिशा येण्यासाठी काय करू? एकानं लिहिलं, मास्तर, माझी बहीण मला प्रत्येक गेममध्ये हरवते, उपाय सांगा. तिनं उत्तर लिहिलं, "तिच्याकडून शिक." दादानं ते खोडून तिथं साबणाची जाहिरात टाकली.

तेव्हा तिला राग आला होता. चांगलाच आला होता. पण ज्या भावाच्या घरात आपण राहतो त्याच्यावर उघड रागवायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खेळायला मिळतंय ना, मग नाव कुणाचं का असेना, असं तिनं स्वतःला समजावलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही.

आणि मग ती गुहा आली. कंदीलवाल्या योद्ध्याच्या गेममधली सगळ्यांत खालची लेव्हल. तिथवर तोपर्यंत कुणी पोचल्याचं ऐकिवात नव्हतं. ती पोचली. वटवाघळं मारून जागा केली. पण गुहा इतकी काळी, की फोटोवाल्यानं शटर नेहमीपेक्षाही जास्त वेळ उघडं ठेवायचं ठरवलं. आता काळ्या काचेत समोरच्याचं तोंड दिसतं, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणूनच एरवी ती एक जाड काळं कापड डोक्यावरून पांघरून बसायची, डोळ्यांपुरती फट ठेवून. त्या दिवशी वहिनीनं ते कापड धुतलं होतं. वहिनीचं काही चुकलं नव्हतं. महिनोन्‌महिने घामेजल्या खोलीत पांघरलेलं कापड, कधीतरी धुवायला नको? ते गच्चीवर दोरीवर वाळत होतं. वाळेपर्यंत थांबावं तर खाली फोटोवाल्याचं गिऱ्हाईक खोळंबलेलं.

"होऊन जाईल," फोटोवाला म्हणाला.

झालं. अंक छापून आल्यावर दादानं पान उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. गुहेच्या मधोमध बहीण! कंदिलाच्या उजेडानं उजळलेलं तिचं तोंड काचेत पडलं होतं आणि शटरनं ते मुकाट्यानं टिपलं होतं. दादा दोघांना ताडताड बोलला. पण आठवड्याभरात पत्रं यायला लागली आणि त्याचा सूर बदलला. मास्तर, गुहेतली बाई कोण? मास्तर, ती कशी भेटते? पोस्टमन वैतागला इतकी पत्रं. पुढच्या अंकात मास्तरच्या पानावर एक चौकट आली: "गुहेतली बाई ज्याला भेटायची त्यालाच भेटते." ती चौकट दादानं लिहिली होती. मास्तरच्या नावानं त्यानं लिहिलेलं ते एकच वाक्य, आणि नेमकं तेच खोटं.

ती सबंध सुट्टी गावातली पोरं मास्तरनं सांगितलेल्या वाटेनं खाली पोचून गुहेच्या भिंतींवर डोकी आपटत होती. एकदा ती सहज पार्लरमध्ये डोकावली. चौघंजण मशीनला चिकटून तिलाच शोधत होते. त्यातला एक मागे वळून म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा ना, काचेत तुमचं तोंड दिसतंय."

ती बाजूला झाली. घरी येऊन वहिनीला सांगताना दोघी हसून हसून लोळल्या. हसण्याच्या शेवटी मात्र तिला रडू आलं, आणि वहिनीनं ते न पाहिल्यासारखं केलं.

पुढं मासिक बंद पडलं. घराघरांत नवी मशीनं आली, मास्तरला विचारण्याची गरज उरली नाही. तिनं फोटोवाल्याशी लग्न केलं आणि लग्नानंतरही त्याला "फोटोवाले" अशीच हाक मारत राहिली. ती गाडी शिकवायला लागली, कारण कुणीतरी तिला म्हणालं की बायका गाडी शिकवत नाहीत. फोटोवाल्याचे डोळे अधू झाले तशी त्यानं स्टुडिओ विकला. निगेटिव्हचे पत्र्याचे डबे तेवढे घरी आणले. दोन वर्षांपूर्वी तो गेला. डबे माळ्यावरच होते.

इथपर्यंतचं आयुष्य आत्यानं कुणालाही न दुखवता काढलं होतं, पुढचंही काढलं असतं. पण भाच्यानं पुस्तक काढायचं ठरवलं.

भाचा म्हणजे दादाचा मुलगा. पुस्तकांची मांडणी करायचं ऑफिस आहे त्याचं, दोन खोल्यांचं, काचेच्या दाराचं. मुलगा वाईट नाही. इंटरनेटवरचे ते चाळिशीचे वादवीर त्याला सापडले आणि त्याला वाटलं, बाबांच्या मासिकाचा एक जाडजूड स्मरणग्रंथ काढावा. तो लॅपटॉप घेऊन आत्याकडे आला.

"बघ आत्या, किती स्वच्छ!"

आत्यानं बघितलं. पानापानांवर गेमचे फोटो होते, कोरे करकरीत, कडा सरळ, रंग भडक. सगळे आजच्या कॉम्प्युटरवर नव्यानं घेतलेले. एकही जुना नव्हता.

"यांचे फोटो कुठं गेले?" तिनं विचारलं.

"काकांचे? अगं, ते धूसर होते. कडा गोल, मध्येच उजेडाचा डाग. आता असं कोण छापतं?" मग तो पुढं सरकला. "फक्त गुहेतल्या बाईचा जसाच्या तसा घेणार आहे. मुखपृष्ठावर, एवढा मोठा! पण अंकातून मोठा केला की नुसते ठिपके दिसतात. निगेटिव्ह हवी. तुझ्याकडे असेल ना?"

आत्याचं लक्ष लॅपटॉपवरच होतं. ती पुढचं पान वाचत होती. "मास्तर: एक आठवण." लेखक दादा. पहिलंच वाक्य होतं, "त्या काळोख्या खोलीत मी तासन्‌तास खेळत असे." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथं नागोबानं बिळाच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटीही लावली होती.

"हे खोटं आहे," आत्या म्हणाली.

भाचा गडबडला. "बाबा सगळीकडे असंच सांगतात. मला वाटलं, मिळूनच करत असाल."

"मिळून कसलं? त्यानं त्या खोलीत एकदाच पाय ठेवला, तोही फ्यूज बघायला. निगेटिव्ह माझ्याकडे आहे. देते. पण पुस्तकात लिहायचं, खेळणारी ही, फोटो काढणारा हा. दोघांची पूर्ण नावं. आणि मास्तर मी होते, हेही."

"मास्तरचं राहू दे, पण गुहेतल्या बाईचं नाव कसं सांगायचं? लोकांना भूत हवंय गं. भुताचा पत्ता कळला की सगळी गंमत जाते."

"तुमची गंमत जाते. माझं काय गेलं ते विचारलंस कधी?"

भाचा गेला आणि काही दिवसांनी तोडगा घेऊन आला. शेवटच्या पानावर, कागदवाल्याच्या आणि बाइंडरच्या खाली, बारीक अक्षरांत: "विशेष आभार: आमची लाडकी आत्या व कै. काका." आत्यानं चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला.

"आभार पाहुण्यांचे मानतात," ती म्हणाली. "मी त्या घरात राबलेय. तोंडाला पानं पुसायची तर दुसऱ्या कुणाच्या पुसा."

मग दादा स्वतः आला. तिच्या घरी नाही आला. घरी वाद घातला तर भिंतीवरून फोटोवाला बघत बसेल, ही धास्ती असावी. मैदानापाशी तिची गाडी उभी होती, दोन शिकवण्यांच्या मधला वेळ होता. दादा येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला, कारण दुसऱ्या सीटवर ती बसली होती. आयुष्यात कधी गाडी न चालवलेला माणूस. त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले आणि समोर बघत राहिला. केस पांढरे, मान बारीक झालेली. याच माणसानं आई-वडिलांमागे तिला वाढवलं होतं, स्वतः जुना सदरा घालून तिला नवा फ्रॉक घेतला होता. ते ती विसरली नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती.

"चिमे, देऊन टाक ना निगेटिव्ह."

"नावं घाल, देते."

"अगं, मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलंय. आता या वयात उलट सांगू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग सांगितलंस कशाला?"

दादानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "लोक भेटतात ना, ते मास्तरबद्दल विचारतात. संपादक कोण होता, हे कुणी विचारत नाही. एकालाही ठाऊक नाही. छापखाना गहाण टाकून मासिक काढलं मी. मास्तर तुला देऊन टाकला, तर माझं काय राहिलं त्यात?"

आत्यानं त्याच्याकडे वळून बघितलं.

"हेच," ती म्हणाली. "हेच मला वाटतंय दादा, एकोणिसाव्या वर्षापासून. फरक एवढाच, की तुझं तुझ्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं."

"मी तुला हातानं वाढवलं चिमे."

"वाढवलंस. त्यासाठी मरेपर्यंत तुझं करीन. आजारी पड, उशाशी बसून राहीन. पण हे देणार नाही. ते वेगळं आणि हे वेगळं."

दादानं दार उघडायचा प्रयत्न केला, चुकून वायपर चालू झाला. कोरड्या काचेवर तो करकरत फिरत राहिला. आत्यानं हात लांबवून तो बंद केला, दारही उघडून दिलं. दादा मैदानाच्या कडेकडेनं चालत गेला. ती एवढी चिडलेली होती, की पुढच्या शिकवणीला आलेल्या नर्सला तिनं विनाकारण तीन वेळा गाडी मागे घ्यायला लावली.

पुस्तक निघालं, निगेटिव्हशिवाय. मुखपृष्ठावर मिशावाला मास्तर छापला. प्रकाशनाला आत्या गेली. कुणी बोलावलं नव्हतं असं नाही, भाच्यानं दोनदा फोन केला होता. सभागृह भरलेलं. दादा व्यासपीठावर, डोक्यावर चित्रातल्यासारखी टोपी. पहिलाच प्रश्न आला तो गुहेतल्या बाईचा. दादानं माइक तोंडाशी नेला. मागच्या रांगेतली बहीण त्याला दिसली, दिसली नाही असं होणं शक्यच नव्हतं, कारण ती उभी होती. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ती ज्याला भेटायची," दादा म्हणाला, "त्यालाच भेटते."

सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. आत्याला ओरडावंसं वाटलं. पण टाळ्या वाजवणाऱ्याला काही ऐकू जात नाही, आणि व्यासपीठावरच्या भावाला लोकांदेखत खाली खेचायचं तिच्या हातून झालं नसतं. तशी गरजही नव्हती. पुस्तक त्यांचं होतं, सभागृह त्यांचं होतं. ठीक आहे. तिचं स्वतःचं काहीच नव्हतं असं थोडंच होतं?

ती तिथून तडक घरी गेली, माळ्यावरून डबा काढला आणि फोटोवाल्यानं विकलेल्या जुन्या स्टुडिओत, जो आता एक चुणचुणीत बाई चालवते, निगेटिव्ह टेबलावर ठेवली. पट्टीवर आधी एक अनोळखी नवरा-नवरी, मग गुहा.

"मोठा करायचाय," आत्या म्हणाली. "गाडीच्या मागच्या काचेएवढा. बसच्या काचांवर बारीक भोकांची फिल्म लावतात ना, त्यावर. बाहेरून चित्र दिसलं पाहिजे, आतून रस्ता."

"आणि खाली काही लिहायचं?"

"लिहायचं तर. मी सांगते, तुम्ही घ्या."

शाळा तिची, गाडी तिची, काच तिची. दुसऱ्या दिवसापासून गावातून एक गुहा फिरायला लागली. काळोखात कंदील, कंदिलाशेजारी एकोणीस वर्षांच्या मुलीचं तोंड, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: गुहेतली बाई. खेळणारी आणि "मास्तर" ही. फोटो काढणारा हा. दोन्ही नावं आडनावांसकट. कडा गोल होत्या. कोपऱ्यात उजेडाचा डाग होता. तो तिनं काढू दिला नाही.

आता एक लक्षात घ्या. पुस्तक कोण वाचतं? ज्याला वाचायचंय तो. पण शिकाऊ गाडीच्या मागे अडकलेला माणूस जाणार कुठं? ती बैलगाडीच्या चालीनं चालणार, चौकात बंद पडणार, चढावर विचार करत बसणार. हॉर्न वाजवून कंटाळला की तो वाचणारच. असं गावातल्या प्रत्येक रस्त्यावर, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर चाललं. एका सिग्नलला स्कूटरवरचा टकलू गृहस्थ उतरून खिडकीशी आला.

"ही तुम्ही?"

"मी."

"पण मास्तर तर..."

"तोही मीच. मिशा रंगवलेल्या होत्या."

"अहो, अख्खी सुट्टी घालवली मी त्या भिंतीवर!" तो इतक्या तळमळीनं म्हणाला, की आत्याला त्याची दया आली. सिग्नल सुटला, मागे बोंब सुरू झाली, तरी तो तिथंच उभा होता. मग त्यानं फोटो काढला, काचेचा नाही, तिचा. त्या संध्याकाळी इंटरनेटवर जो गदारोळ झाला, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. अर्धे म्हणाले, बालपणाचं वाटोळं केलं. अर्धे म्हणाले, बाईला सलाम. आत्यानं दोन्हींतलं काहीच वाचलं नाही, तिला दुसऱ्या दिवशी लवकर गाडी काढायची होती.

दादाचा फोन आला तेव्हा नर्स गाडी चालवत होती. आत्यानं तिला कडेला घ्यायला लावलं.

"काढ ते," दादा म्हणाला.

"नाही."

"लोक घरी यायला लागलेत. पुस्तक पुढ्यात धरून विचारतात, खरं काय?"

"मग खरं सांग."

"चिमे, मी हात जोडतो."

"नको जोडूस. मी काढणार नाही. तू म्हणशील तर तुझ्या दारावरून फिरवणार नाही, एवढं करते. पण काढणार नाही."

पलीकडे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. दादानं फोन ठेवला की काय असं तिला वाटलं. पण तो होता. श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, थोडा घरघरता.

"कुणाकुणाची नावं आहेत त्यावर?" त्यानं विचारलं.

"माझं. त्यांचं."

"बस्स?"

"बस्स."

"मासिक माझं होतं, चिमे."

"होतंच. कोण नाही म्हणतंय?"

नर्सनं तिच्याकडे बघितलं, कारण आत्याचा पाय तिच्या बाजूच्या जादा ब्रेकवर दाबलेला होता आणि गाडी तर केव्हाची उभी होती. पलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग दादा, ज्यानं या भांडणाआधी उभ्या आयुष्यात धाकट्या बहिणीकडे काही मागितलं नव्हतं, तो अगदी लहान आवाजात म्हणाला,

"खाली जागा आहे का गं थोडी?"

"आहे," आत्या म्हणाली. "पण मास्तर लिहिणार नाही."

"मास्तर नको. मास्तर तूच होतीस. संपादक लिही. नुसतं संपादक, आणि माझं नाव."